मोठा मॉनिटर घेण्याआधी ग्राफिक्स कार्ड पाहा

संपादक साहेब, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितो. यंदा कापूस विकल्यावर पोरासाठी ३४ इंची वाइडस्क्रीन मॉनिटर घेतला, दुकानदारानं सांगतलं की लावा अन गेम खेळा, बाकी काही लागत नाही. लावला तर गेम अडकत अडकत चालाले लागला. काहून? तर जुना मॉनिटर १९२०×१०८० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचे बारीक ठिपके, आडवे × उभे), हा ३४४०×१४४० चा, म्हणजे जवळपास २.४ पट पिक्सेल, अन हे सगळे ठिपके काढणारं कॉम्प्युटरातलं ग्राफिक्स कार्ड तेच जुनं. हे दुकानात कोणी सांगत नाही याचाच राग येते. व्हिडिओचंही तसंच, बहुतेक व्हिडिओ १६:९ (रुंदी:उंची) चे अन स्क्रीन २१:९ ची, त दोन्ही बाजूनं काळे पट्टे राहतात. रुंद सिनेमा असला की मात्र स्क्रीन भरते, माय त पिक्चर संपेपर्यंत खाटेवरून उठलीच नाही. आता गेम २५६०×१०८० वर ठेवतो, थोडं धूसर दिसते पण अडकत नाही.

तुमच्या पेपरात मोबाइलची माहिती येते, तशी मॉनिटर अन ग्राफिक्स कार्डाची पण साध्या मराठीत छापा, खेड्यातल्या पोरायले लय गरज आहे.

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ