एकतर्फी सामने आणि आयोजकांची नियमावली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बारा आणि चौदा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल स्पर्धांत ११-०, १४-० असा निकाल लागला की मैदानावर दोनच प्रकारची चर्चा ऐकू येते. जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला काही माणुसकी आहे की नाही, ही एक. आणि खेळता येत नाही तर यायचं कशाला, ही दुसरी. दोन्हींतून काही निघत नाही. असा निकाल बहुतेक वेळा स्पर्धेच्या माहितीपत्रकातच ठरलेला असतो. येत्या हंगामाची माहितीपत्रके छापायला जाण्याआधी आयोजकांनी काही गोष्टी तपासाव्यात, म्हणून हे पत्र.

सुरुवात गोलपोस्टपासून करू. मोठ्यांचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. पाचवी-सहावीतल्या गोलकीपरचा हात उडी मारूनही आडव्या दांड्याला लागत नाही, त्यामुळे डोक्यावरून आलेला साधा उंच चेंडूही गोल ठरतो. नऊ-नऊ खेळाडूंच्या खेळासाठी इंग्लंडमध्ये १६ बाय ७ फुटांचा गोल वापरतात. म्हणजे १९२ चौरस फुटांऐवजी ११२. एवढ्या एका बदलाने निम्मे फुकटचे गोल थांबतील. मैदान आडवे वापरले तर एका मोठ्या मैदानात दोन छोटी मैदाने बसतात. गोल लोखंडी पाइपचे करून घ्यावेत किंवा बांबू पक्के रोवून वर दांडा बांधावा, मात्र सुटा गोल मागून वाळूच्या पोत्यांनी दाबल्याशिवाय मुलांना जवळ फिरकू देऊ नये. चेंडू चार नंबरचा घ्यावा. पावसात भिजलेला पाच नंबरचा चेंडू या वयाच्या मुलाच्या पायाने उचलतच नाही. खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच लहान गटांसाठी मैदान, चेंडू, गोल, सामन्याचा वेळ आणि बदली खेळाडूंची पद्धत बदलण्याची मुभा दिलेली आहे. ‘नियमात बसत नाही’ ही सबब चालणार नाही.

गोल-किककडे, म्हणजे हल्ला करणाऱ्यांकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर बचाव करणाऱ्या संघाने आपल्या गोलसमोरून मारायच्या किककडे, मात्र कुणाचेच लक्ष नसते. दुबळ्या संघाच्या मुलाने मारलेली किक वीस-पंचवीस मीटरवर पडते, आणि नेमके तिथेच समोरचे तिघे टपून बसलेले असतात. चेंडू त्यांच्या पायात, पुन्हा गोल, पुन्हा मैदानाच्या मध्यावरून सुरुवात. पाच मिनिटांत तीन गोल होतात ते असे. २०१९ पासून गोल-किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधी जोडीदाराने आतच घेतला तरी चालतो, पण लहान मुलांना ते शिकवलेले नसते. साधा उपाय म्हणजे गोल-किकच्या वेळी समोरच्या संघाने मध्यरेषेपर्यंत मागे जायचे आणि किक लागल्यावरच पुढे यायचे. पंचाने हे नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना सांगावे.

खरी मेख गोलफरकात, म्हणजे केलेले आणि खाल्लेले गोल यांतल्या फरकात आहे. साखळीत दोन संघांचे गुण समान झाले की गोलफरक पाहायचा, हे आपण मोठ्यांच्या स्पर्धांतून जसेच्या तसे उचलले. त्यामुळे सहा गोल झाल्यावर थांबणारा प्रशिक्षक स्वतःच्या मुलांचे नुकसान करतो. २०१९ च्या महिला विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला १३-० ने हरवले तेव्हा गोलांचे समर्थन याच कारणाने झाले. टीका झाली ती तेराव्या गोलापर्यंत चाललेल्या जल्लोषावर. लहान गटात गुण समान झाले तर आधी त्या दोन संघांतला आपसातला निकाल पाहावा, आणि गोलफरक मोजायचाच असेल तर एका सामन्यात चारपेक्षा जास्त धरू नये. सर्वाधिक गोलांचा चषकही या वयोगटात बंद करावा. तो बहुधा सर्वांत कमजोर संघाविरुद्धच्या एका सामन्यात मिळवला जातो. माईकवरून प्रत्येक गोलला रोख बक्षीस जाहीर करणाऱ्या हौशी पाहुण्यांना आवरणे तर आयोजकांच्याच हाती आहे.

आता ड्रॉबद्दल, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी हे ठरवण्याबद्दल. ११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१-० ने हरवले, हा आंतरराष्ट्रीय सामन्यातला विक्रम. त्याआधी दोनच दिवस टोंगाला २२-० ने हरवले होते. पुढच्या विश्वचषक पात्रतेत ओशनिया विभागाने लहान देशांना आधी आपसात खेळवले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला थेट दुसऱ्या टप्प्यात घेतले. बेळगाव शहरातल्या टिळकवाडी-कॅम्पातला वर्षभर सराव करणारा संघ आणि खानापूर भागातल्या जांबोटीकडून सकाळच्या एसटीने आलेली, एरवी कबड्डी-खो खो खेळणारी अकरा पोरे चिठ्ठ्या टाकून पहिल्याच फेरीत समोरासमोर आणायची, आणि नंतर खिलाडूवृत्तीवर भाषण द्यायचे, याला अर्थ नाही. प्रवेश अर्जात नियमित प्रशिक्षक आहे का, मागच्या वर्षी किती सामने खेळले, एवढे दोन रकाने घातले तरी मानांकन करता येते. पहिल्या फेरीत हरलेल्यांचा वेगळा प्लेट गट ठेवला तर इतक्या लांबून आलेल्या मुलांना निदान दोन सामने मिळतात. वयाचे दाखले मात्र नाव नोंदवतानाच तपासावेत. निम्म्या तक्रारींचे मूळ तिथे असते.

आता प्रशिक्षकांविषयी. मध्यंतराला चार-पाच गोलांची आघाडी असेल तर गोल करणारे तिघे बाहेर घ्यावेत. पण त्यासाठी बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकेल अशी बदलीची मुभा नियमावलीत हवी. नाहीतर कुठलाच प्रशिक्षक ते धाडस करणार नाही. बचावपटूंना पुढे आणि पुढच्यांना मागे खेळवावे, कमकुवत पायानेच फटका मारायचा, चेंडू दोनच स्पर्शांत सोडायचा, कडेने आलेल्या पासवरच गोल, अशा अटी घालाव्यात. यात आपल्या मुलांचाही सराव होतो. या सूचना मुलांना जवळ बोलावून हळू आवाजात द्याव्यात. बाजूरेषेवरून ‘आता गोल मारू नका रे’ असे ओरडणे म्हणजे समोरच्यांना चारचौघांत लाज आणणे. चेंडू नुसता आपसात फिरवत ठेवून प्रेक्षकांना प्रत्येक पासला ‘ओले, ओले’ असे ओरडून खिल्ली उडवायला लावणे त्याहून वाईट, आणि मुद्दाम स्वतःवर गोल करून घेणे सर्वांत वाईट. माझ्या मते प्रामाणिकपणे केलेला सातवा गोल यापेक्षा शंभर पटींनी बरा. सरळ मार्ग हवा असेल तर चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवू द्यावा आणि फरक कमी झाला की तो काढून घ्यावा.

हरणाऱ्या संघाच्या सरांनाही एक सांगणे आहे. ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभे करायची जुनी खोड सोडा. मध्यंतराला गोलकीपर बदला, म्हणजे सगळे गोल एकाच पोराच्या नावावर चढत नाहीत. दुसऱ्या डावासाठी पहिली दहा मिनिटे गोल खायचा नाही, दोन कॉर्नर मिळवायचे, अशी आवाक्यातली कामे द्या.

पंचाला सामना मनाने लवकर संपवता येत नाही. वेळ कमी करायची तर सामन्याआधी पंच आणि दोन्ही संघांची संमती लागते आणि स्पर्धेच्या नियमांत तशी तरतूद लागते. म्हणून माहितीपत्रकातच लिहावे: उत्तरार्धात फरक आठ गोलांचा झाला की निकाल जाहीर, उरलेला वेळ दोन्ही संघांतली मुले मिसळून खेळायचे. अशी तरतूद नसली की एखादा सर ‘दुखापत’ सांगून मुले बाहेर काढू लागतो, कारण सातपेक्षा कमी खेळाडू उरले की सामना पुढे चालू शकत नाही. मग वाद, मग लेखी तक्रार, आणि पुढचे सामने अंधार पडेपर्यंत रखडतात.

शेवटी आपल्या क्रीडापानाला एक विनंती. बारा वर्षांखालील गटात कोण जिंकले आणि पुढचा सामना कुणाशी, एवढेच छापावे. गोलसंख्या आणि कुणी किती गोल केले याची यादी चौदा वर्षांच्या गटापासून पुढे द्यावी.

आपला,
एक फुटबॉल पंच
शहापूर, बेळगाव