सव्वासातला उघडं असेल असं एक केंद्र द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

विषय : व्यसनमुक्तीत शपथेच्या पुढचे उपचार मिळण्याबाबत

मी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारा, आहे. राहायला कोपरखैरण्याला. अकरा वर्षं रोज प्यायलो, सुटून चार वर्षं झाली. बायको म्हणते, "सुटली म्हणू नका, सुटत आलीय म्हणा." बरं, तसं.

पहिल्या खेपेला घरच्यांनी मला जिल्ह्यातल्याच एका खाजगी केंद्रात टाकलं होतं. नाव घेत नाही. तीन महिने कुलूपबंद. सकाळी प्रार्थना, मग झाडलोट, मग एकेकाने उभं राहून 'मी घराचं वाटोळं केलं' असं सांगायचं. ते खोटं नव्हतं, पण मला ते आधीपासून ठाऊक होतं. निघताना आईच्या पायाला हात लावून शपथ घेतली. चौथ्या दिवशी, तुर्भे स्टेशनकडे जाताना, नेहमीच्या बारसमोर पाय थांबले. पाय थांबले की काय करायचं, हे तीन महिन्यांत कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला आधी डॉक्टरांकडे गेलो. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून ते पहिले दिवस औषधावर काढावे लागतात. त्यानंतर एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं. मला वाटलं, आता भाषण. त्यांनी शंभर पानी वही पुढे केली. "हिशेब लिहिता ना? मग हाही लिहा." रकाने पाच : वेळ, जागा, मनात काय आलं, तलफ दहापैकी किती, पुढे काय केलं.

माझी पहिली नोंद अजून आहे. 'शनिवार, सव्वासात, बारसमोर. सेठ सगळ्यांदेखत बोलला, आता घ्यायलाच पाहिजे. तलफ नऊ. एक क्वार्टर, मग दुसरी.' ताईंनी पान उलटलं. "रविवारी मार्केट बंद. सेठ नव्हता. मग का घेतलीत?" मी लिहिलं होतं, 'सुट्टी आहे.' सोमवारी 'माल अडकला', मंगळवारी 'माल सुटला'. कारण रोज नवं आणि वेळ मात्र चारही दिवस सव्वासात! इतकी वर्षं खातेवह्या जुळवणाऱ्या माणसाला स्वतःच्या वहीतली ही चूक दिसली नव्हती.

मग रस्ता बदलला. स्टेशनला चालत जाणं बंद, मार्केटच्या दारातून बस. निघण्याआधी पोटभर खायचं, कारण रिकाम्या पोटी तलफ जास्त येते. 'नको' म्हणायची तर चक्क तालीम झाली. ताई माझा दोस्त बनायच्या, "काय शेठ, आज एकच!" आणि मी हसून विषय बदलायचो. पहिल्या दोन वेळा मी हरलो, खुर्चीत बसल्या बसल्या. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते, तिच्याशी कुस्ती न खेळता ती बघत बसायची, हेही तिथेच शिकलो. सातव्या महिन्यात स्लिप झाली, म्हणजे एकदा पुन्हा प्यायलो. शपथेच्या हिशेबाने मी संपलो होतो, म्हणजे आता मोडलीच आहे तर बाटली संपवू. ताई म्हणाल्या, "कुठल्या रकान्यात चुकलं ते बघू." दुसऱ्या दिवशी पुन्हा वही.

याला शास्त्रात नाव आहे, विचार आणि वर्तनावरची उपचारपद्धती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी ती 1960च्या दशकात मांडली. पुन्हा घसरू नये म्हणून तिचा वापर कसा करायचा, त्यावर मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी पुढे काम केलं. ठाण्याला तर हे परकं नाही. आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था इथे 1990 पासून आहे आणि मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची याच धाटणीची विवेकनिष्ठ पद्धत तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी मराठीत घराघरांत नेली. त्याच शहरातल्या 1901 सालच्या मनोरुग्णालयाकडे मात्र लोक अजून फक्त 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणून बोट दाखवतात.

तज्ज्ञ आणायचे कुठून, असं खातं म्हणेल. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या 377 पुरुषांचा अभ्यास झाला, 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशन करणारे मानसतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के सावरले होते, न मिळालेल्यांपैकी 26 टक्के. माझ्यासारखे पुरते अडकलेले त्यात नव्हते, हे खरं. पण अडकण्याआधीच कुणी गाठलं असतं तर माझी अकरा वर्षं गेली असती का?

केंद्र सरकारच्या 2019च्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकाला कसले तरी उपचार मिळालेले दिसले. बाकी 37 आमच्या ओळखीचे आहेत.

महोदय, दारूचा महसूल एका खात्याचा, व्यसनमुक्ती दुसऱ्याची, उपचार तुमचे. त्या भांडणात मी पडत नाही. (ड्राय डेचा फलक मात्र पुन्हा लावू नका. आम्ही आदल्या दिवशीच सोय करायचो.) ठाणे आणि नवी मुंबईच्या नागरी आरोग्य केंद्रांत या पद्धतीत तयार झालेला एक समुपदेशक बसवा, कायम पगारावर. दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला तर पेशंटला आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि ती सांगताना फार लाज वाटते. खाजगी केंद्रांना परवाना देताना किती खाटा आहेत ते मोजता, तसं केंद्रातून सोडल्यानंतर वर्षभर किती पेशंट बैठकीला येत राहिले तेही विचारा. आणि केंद्र संध्याकाळी उघडं ठेवा. सकाळी दहाच्या ओपीडीला माथाडी कामगार येणार कसा? त्या वेळेला तो शुद्धीत असतो, कामावर असतो.

पाहणीला आलात तर माझी वही दाखवीन. फक्त सातच्या आत येऊ नका, गाळा बंद होत नाही.

आपला,
मसाला मार्केटमधला एक मेहताजी
कोपरखैरणे, नवी मुंबई