त्या दिवशी प्लग मी लावला होता, काका

प्रिय काका,

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं. पण यातली एक गोष्ट आपल्या सगळ्या मंडळींना कळायला हवी. सहा वर्षं ती फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक होती, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी नाटकात काम करायला आले होते. दुसऱ्या अंकात दोन मिनिटांची एंट्री होती माझी. आठ माणसांची संस्था आणि एक गाडी असली की दोन मिनिटं रंगमंचावर असणाऱ्याला उरलेला दिवस केबल, शिडी आणि सेटच्या लाकडी लेव्हल उचलण्यात घालवावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच प्रयोगानंतर तुम्ही माझ्या हातात एक केबल दिलीत आणि मी ती तळहात आणि कोपर यांच्यात गरागरा गुंडाळली. तुम्ही ती घेतलीत, पूर्ण उलगडून जमिनीवर पसरलीत आणि म्हणालात, "वायरीला तिचा पीळ असतो, पोरी. तिच्या कलानं घे." एक वेटोळं वरून, पुढचं खालून. कोपराला गुंडाळली की आतल्या तांब्याच्या तारा पिळवटतात, वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस ऐन प्रयोगात त्या आतल्या आत तुटतात. त्या रात्री मी चौदा केबल उलगडून पुन्हा गुंडाळल्या. गाडी माझ्यासाठी थांबली होती. तुम्ही शेजारी बसून होतात. एकीलाही हात लावला नाहीत.

प्रेक्षकांना नाटक दोन तासांचं वाटतं. आपला दिवस सकाळी दहाला मागचं दार उघडून सुरू होतो. कधी रंगमंचाची रुंदी ४० फूट, तर दुसऱ्या दिवशी २४. कुठे विंगेत दोन माणसं शेजारी उभी राहत नाहीत, कुठे मागून पलीकडे जायला वाटच नसते. सेट मात्र तोच आणि नटांची पावलंही तीच. तुम्ही आत शिरलात की कुणाशी बोलायच्या आधी टेप घेऊन रंगमंचाचं तोंड मोजायचात, निम्मं करायचात आणि मधोमध खडूची रेघ मारायचात. बाकी सगळं त्या रेघेपासून: दरवाजा डावीकडे सात फूट, पलंगाचा कोपरा उजवीकडे चार फूट. रंगमंच लहान असला की कडेचं कापायचं, मध्याला धक्का लावायचा नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांना आपण अंधारातही बरोबर जागी जाऊन उभे राहतो याचा अभिमान असायचा. ती रेघ कोण मारतं याचा विचार आम्ही केला नव्हता.

मग लाइट्स. सेटच्या आधी लाइट्स, कारण सेट उभा राहिला की शिडीला जागा उरत नाही. म्हणून गाडी भरताना शिडी, केबल आणि लाइट्स सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या दिवशी तेच आधी बाहेर यायला हवेत. रात्री साडेबाराला, अंग मोडून आलेलं असताना, तुम्ही गाडीच्या मागे उभं राहून एकेक नाव घ्यायचात आणि त्याच क्रमानं सामान आत जायचं. "खुर्च्या. फ्लॅट. मोठी पेटी." एवढंच. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

प्रॉपर्टीचं टेबलही तुमचंच. पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूभोवती पेननं रेघ ओढलेली: चष्मा, पत्र, कंदील, किल्ल्यांचा जुडगा. तिसऱ्या घंटेआधी एकदा नजर फिरवायची. कुठे नुसती रेघ दिसली तर ती वस्तू हरवली, यादी वाचायची गरज नाही. विंगेत टॉर्चवर निळा जेलपेपर आणि त्या उजेडात कपडे घालायच्या क्रमानं मांडलेले. माझा एक बदल ४० सेकंदांचा होता. पहिल्या आठवड्यात मला तो जमत नव्हता, तेव्हा तुम्ही कपडेपटातल्या ताईंना सांगून ब्लाउजची बटणं नुसती दिसायला ठेवलीत आणि आतून वेल्क्रो लावून घेतलंत. मी मागितलं नव्हतं. तुम्ही विंगेतून माझी धांदल पाहिली होती.

दौऱ्यात मधे एखादा दिवस मोकळा मिळाला की तुम्ही लाइट्स उघडून पुसत बसायचात. तशाच एका दुपारी तुम्ही फ्रेनेल दिव्याची काच माझ्या हातात दिलीत. पायऱ्यापायऱ्यांची, एकात एक गोल कडी असलेली जाड काच. "ही आधी समुद्रावर होती," असं तुम्ही म्हणालात आणि मला काही कळेना. मग सांगितलंत की फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं ही दीपगृहासाठी केली, १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोर्दुआंच्या दीपगृहात ती बसली. तेवढी मोठी भिंगं भरीव केली असती तर फार जाड आणि जड झाली असती, म्हणून त्यानं मधली जाडी काढून टाकली आणि फक्त वळण ठेवलं. मग बल्ब दाखवलात आणि माझा हात मागे ओढलात. हॅलोजनला उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब फुटतो. ती काच पुसताना तुमच्या हातांकडे मी बघत होते. एकेक कडं, आतून बाहेर, घाई नाही. अभिनयापेक्षा मला हे काम हवं आहे, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं. घरी सांगायला मात्र वर्ष लागलं.

आता ती गोष्ट.

गाडी वाटेत बंद पडल्यामुळे त्या दिवशी आपण चार तास उशिरा पोचलो होतो. प्रयोग साडेसातचा. तुम्ही मागच्या दारात सामान उतरवत होतात आणि जाताना मला बजावलं होतंत, "मी येईपर्यंत काही लावू नकोस." तुमचा नियम मला पाठ होता: कुठल्याही नव्या जागी आधी व्होल्ट मोजायचा मीटर, मग प्लग. पण मला वेळ वाचवायचा होता. खरं सांगायचं तर मला आता सगळं येतं हेही दाखवायचं होतं. मी दुसऱ्या डिमर पॅकचा, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या पेटीचा, प्लग लावला. पट् असा आवाज झाला, मग जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि पॅकच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ वर गेली.

तुम्ही धावत आलात आणि आधी प्लग काढलात. मग माझे हात उलटेपालटे करून पाहिलेत. मग मीटर लावलात. एका सॉकेटवर २९० व्होल्ट, दुसऱ्यावर १४०. दोन्हीकडे २३० असायला हवे होते. त्या जागेच्या बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेजचा तोल जातो, एकीकडे दाब कमी आणि दुसरीकडे भलताच वाढतो. मीटर लावला असता तर दहा सेकंदांत कळलं असतं.

दिग्दर्शक आले. "कुणी लावला?" माझं तोंड उघडलं होतं, काका. शप्पथ, मी सांगणार होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "माझ्या हातून झालं. मीटर लावायला विसरलो." जो माणूस इतक्या वर्षांत एकदाही मीटर लावायला विसरला नव्हता, त्यानं हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि लगेच शिडी मागितली. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचं ओझं आज उतरवते आहे: प्लग मी लावला होता.

पुढचे तीन तास मला मिनिटामिनिटानं आठवतात. बोर्डातला स्क्रू तिथल्या माणसानं आवळला, तुम्ही प्रत्येक सॉकेट पुन्हा मोजलात. आपल्याकडे २४ चॅनल, म्हणजे दिव्यांच्या २४ वेगळ्या लाइनी होत्या, बारा पहिल्या पॅकवर आणि बारा जळलेल्यावर. लाइट्सच्या बोर्डाकडून पॅककडे जाणाऱ्या डीएमएक्सच्या एका वायरीतून ५१२ चॅनलची आज्ञा जाते, १९८६ पासून रंगभूमीचे दिवे ही भाषा बोलत आले आहेत, पण ऐकणारा पॅकच मेला तर १३ ते २४ नंबरला दिलेली आज्ञा कुठेच पोचत नाही. प्रकाशाचा प्लॉट ६१ क्यूंचा होता, म्हणजे उजेड ६१ वेळा बदलायचा. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात आणि मला विचारलंत, "कुठल्या प्रसंगात कुणाचा चेहरा दिसलाच पाहिजे?" दिव्यांपासून सुरुवात नाही केलीत. मी प्रसंग सांगत गेले, तुम्ही लिहीत गेलात. १००० वॅटचा दिवा जेमतेम साडेचार अँपियर घेतो, दहा अँपियरच्या एका चॅनलवर दोन बसतात. म्हणून समोरचे डावे-उजवे एकत्र आणले, मागचे तीन पार, म्हणजे डब्यासारखे दिवे, एकाआड एक करून दोन ठेवले. पारच्या मागून हात घालून बल्ब फिरवलात, अंडाकृती झोत आडवा झाला आणि जिथे दोन दिवे लागायचे तिथे एकानं भागलं. ६१ चे २३ क्यू झाले. सव्वासातला पहिली घंटा झाली तेव्हा तुम्ही शिडीवरून उतरत होतात.

शेवटचा प्रसंग आठवतो ना? आई एकटी, फ्रेनेल एकच, आणि तो दीड मिनिटात हळूहळू विझतो. तोवर ते काम लाइट्सच्या बोर्डातल्या घड्याळावर सोडलेलं होतं. नवा प्लॉट घाईत बसवताना तो क्यू भरायचा राहिला आणि आपल्याला ते प्रसंग सुरू झाल्यावर कळलं. तुम्ही फेडरवर, उजेड कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीवर, अंगठा ठेवलात. मी शेजारी होते. अंगठा हलतो आहे हे दिसतच नव्हतं. तुम्ही रंगमंचाकडे बघत होतात, बोर्डाकडे नाही. त्या दिवशी आईचं काम करणाऱ्या ताईंनी शेवटच्या वाक्याआधी नेहमीपेक्षा लांब श्वास घेतला. घड्याळानं विझवला असता तर त्यांचा चेहरा त्या वाक्याआधीच गेला असता. तुमचा अंगठा थांबला. त्या बोलल्या, आणि मग दिवा गेला. टाळी यायला थोडा वेळ लागला. नंतर ताई आत येऊन म्हणाल्या, "आज कुणीतरी माझं ऐकत होतं."

दुसऱ्या पॅकची दुरुस्ती होऊन परत आल्यावरही तो क्यू आपण बोर्डात भरला नाही. आजही हातानंच होतो.

त्या दुरुस्तीचे पैसे तुमच्या नाइटमधून, म्हणजे प्रयोगाच्या मानधनातून, कापले गेले. कापायला तुम्हीच सांगितलं होतंत. मला हे कित्येक महिन्यांनी हिशेबाची वही पाहताना कळलं. मी पैसे घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही पाकीट परत माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "याचा मीटर घे. स्वतःचा." मी घेतला, काका. त्याची लाल वायर एकदा बदलली आहे, बॅटरी दर दौऱ्याआधी बदलते.

तुमच्या गुडघ्यांनी शिडीला नकार दिल्यापासून तुम्ही दौऱ्यावर येत नाही, त्याला आता दोन वर्षं होतील. मधल्या रेघेचा खडू माझ्या खिशात असतो. या मोसमात एक मुलगा आला आहे, हुशार आहे, हात चालतो, घाईही तेवढीच करतो. गेल्या महिन्यात त्यानं केबल कोपराला गुंडाळली. मी ती उलगडून जमिनीवर पसरली आणि शेजारी बसले. मला मधेच हात घालावासा वाटत होता. तुम्ही त्या रात्री चौदा केबल होईपर्यंत कसे बसून राहिलात, ते मला तेव्हा कळलं.

आणखी एक. आपल्या जुन्या पत्रिकांवर प्रकाशयोजनेपुढे एक नाव असायचं, नेपथ्यापुढे एक, आणि तुम्ही कायम सगळ्यांत खाली, "विशेष आभार"च्या ओळीत, इतर पाचजणांबरोबर. नव्या पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आला तेव्हा मी दिग्दर्शकांना प्लगची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः पेन घेऊन "प्रकाशसंचालन" असं लिहिलं आणि पुढे तुमचं पूर्ण नाव घातलं. मी विचारलं, काका तर आता येत नाहीत. ते म्हणाले, "शेवटचा क्यू कुणाचा आहे?"

पुढच्या शनिवारी प्रयोग आहे. लाइट्सच्या खोलीला चार पायऱ्या आहेत, कठडा आहे, मी जाऊन पाहून आले. बोर्डाशेजारी दुसरी खुर्ची ठेवते आहे. शेवटच्या प्रसंगाला मी हात मागे घेईन.

तुमची,
दोन मिनिटांच्या एंट्रीवाली