म्हैस बिबट्याने मारली असती तर बरे झाले असते : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शेती संरक्षणाच्या नावाखाली रात्री फिरणाऱ्या बंदुका आणि त्यांनी मारलेली माझी म्हैस

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातली, काजू आणि दुधावर घर चालवणारी बाई. आपला वेळ मोलाचा आहे हे ठाऊक असल्यामुळे थोडक्यात लिहायचे ठरवले आहे. जमेल असे वाटत नाही.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या रात्री, अमावास्येला, माझी चंद्री नावाची म्हैस बंदुकीचे छर्रे लागून मेली. काजूच्या हंगामात आम्ही घर सोडून बागेतल्या मांगरावर, म्हणजे तिथल्या छोट्या घरात, राहतो. बोंडू, म्हणजे काजूची फळे, पडायला लागले की डुकरे, साळिंदर, वानर सगळेच येतात, राखण लागते. गुरेही सोबत असतात. त्या रात्री वाडीतली निम्मी माणसे कुणकेश्वरच्या जत्रेला गेली होती. काळोख, वर वाडी रिकामी. शिकाऱ्यांना याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार? बार झाला तेव्हा मी आणि सासूबाई आत झोपलो होतो. म्हैस पडवीपासून पंधरा-वीस पावलांवर आंब्याला बांधलेली. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आत, माझ्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत, माझ्या दाव्याला.

मी ओरडत बाहेर आले तर डोक्याला बॅटऱ्या लावलेले तिघे-चौघे वहाळाच्या बाजूने पळत होते. गडगा ओलांडताना दोन चिरेही पाडून गेले. थोड्या वेळाने खाली रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

चंद्री लगेच मेली नाही. छर्रे मानेत आणि पुढच्या खांद्यात गेले होते. उठायला बघायची आणि पुढच्या पायांवर कोसळायची. सासूबाई उजाडेपर्यंत तिचे डोके मांडीवर घेऊन बसल्या. जनावरांचे डॉक्टर दुपारी आले, त्यांना फक्त लिहून देण्याचे काम उरले होते. तिची पारडी अजून दूध सोडायच्या वयाची नाही. तिला दुसऱ्याच्या म्हशीचे दूध बाटलीने पाजते आहे आणि त्याचे पैसे मोजते आहे. ही म्हैस बचत गटाच्या कर्जातून ८५ हजारांना घेतलेली. हप्ता चालू आहे. दोन्ही वेळचे मिळून आठ लिटर दूध देत होती, त्यावर घरखर्च आणि मुलीच्या कॉलेजची फी निघत होती. नवरा मुंबईत, त्याच्या पगारात मुंबईच भागते.

आता आपल्या खात्याविषयी.

वनरक्षक आले. भला माणूस, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याने म्हैस पाहिली, छर्रे पाहिले आणि हातातला पंचनाम्याचा कागद परत पिशवीत घातला. म्हणाला, वन्यप्राण्याने मारलेली नाही, त्यामुळे आमच्याकडे बसत नाही, पोलिसांत जा. पोलिसांत गेले तर तिथे ऐकले, शिकारीचा प्रकार आहे, ही वनखात्याची केस. मग एकाने विचारले, "बाये, रातची म्हस भायर कित्याक बांधलंस?" म्हणजे गुन्हा शेवटी माझाच. भारतीय न्याय संहितेत जनावर मारणे वा जायबंदी करणे हा कलम ३२५ चा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे माझ्या मुलीने मोबाईलवर काढून दाखवले तेव्हा कुठे कागद पुढे सरकला.

गावात परतल्यावर एका जाणत्याने मात्र खरा उपाय सांगितला. म्हणाला, "बिबट्यान मारली म्हणान सांगाचा होता. गप पैसे गावले असते."

महोदय, हिशेब त्याचाच बरोबर आहे. आपल्याच सरकारने २०२२ मध्ये रक्कम वाढवली : वाघ-बिबट्याने गाय, म्हैस किंवा बैल मारला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातले जे कमी असेल ते. शेळी-मेंढीला १५ हजारांपर्यंत. म्हणजे माझ्या चंद्रीचे ६३ हजार ७५० रुपये झाले असते. बिबट्याने मारली तर एवढे, माणसाने मारली तर शून्य. ज्या बिबट्याला आपण परवाना दिलेला नाही त्याच्या कृत्याची जबाबदारी सरकार घेते, आणि ज्या माणसाला सरकारने शिक्का मारून बंदूक दिली त्याच्या कृत्याची जबाबदारी माझ्या कपाळावर. हा न्याय कुठल्या वहीत लिहिलाय, मला बघायचे आहे.

वन्यजीव कायद्याच्या ३९ व्या कलमाने शिकार झालेले डुक्करसुद्धा सरकारची मालमत्ता ठरते. मेलेली म्हैस तेवढी माझी एकटीची. आपल्या मालमत्तेच्या मागे लागलेली गोळी माझ्या मालमत्तेला लागली, तर निदान अर्धा खर्च तरी आपण उचलायला नको का?

ती बंदूक परवान्याची नसेल, चोरटी असेल, असे आपले अधिकारी सांगतील. मला आंब्याखाली रिकामे काडतूस मिळाले आहे. म्हणजे ठासणीची नव्हे, काडतुसाची बंदूक. शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी सांगितली आहे ती ठासणीची. काडतुसे दुकानात मिळतात, आणि किती घेतली याची नोंद परवान्यावर होते. माझे काडतूस सध्या ठाण्यातल्या टेबलाच्या खणात आहे. मला सांगण्यात आले की छर्ऱ्यावरून बंदूक ओळखता येत नाही. छर्ऱ्यावरून नसेल येत, पण काडतुसाच्या बुडावर घोड्याची खूण उठते ती कशासाठी? प्रयोगशाळा फक्त सिनेमासाठी ठेवल्या आहेत का?

आणि दुसरे सांगतात की डुकरासाठी झाडलेला बार चुकून लागला. डुकराचे डोळे बॅटरीत असे चमकत नाहीत, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. चमकतात ते सांबराचे, भेकराचे आणि गुरांचे. म्हणजे बॅटरीत डोळे चमकले आणि ज्याने बार काढला, त्याला पीकबिक काही वाचवायचे नव्हते. त्याला सागोती, मटण हवे होते. सकाळी वाटे घालून, उरलेले ओळखीच्या हॉटेलात पोचवून, दुपारी हाच माणूस चव्हाट्यावर बसून वन्यप्राण्यांच्या उपद्रवावर भाषण करतो. आमच्या पट्ट्यात हे कोण करतात ते सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही, कारण वाटा बऱ्याच घरांत जातो. खाकी घालणाऱ्यांच्या घरीही जातो असे लोक म्हणतात. मी पाहिलेले नाही, पण मला आता कशाचेच नवल वाटत नाही.

डुकरांचा त्रास खोटा आहे असे मी म्हणत नाही. नाचणी सोडली, वायंगणीतला, उन्हाळी पिकातला, भुईमूग सोडला, तो त्यांच्यामुळेच. एका रात्रीत मळा उलटा करून जातात. २०१५ साली शासनाने रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी परवानगीची पद्धत घालून दिली, अर्ज करा, २४ तासांत निर्णय, वगैरे. मला अजून असा एक शेतकरी भेटलेला नाही ज्याने तो अर्ज पाहिला आहे. उलट, अर्ज न करता मारणारे पावलोपावली. सरळ वाट इतकी चढाची करून ठेवली आहे की आडवाटेनेच सगळे जातात, आणि त्या आडवाटेवर माझी म्हैस बांधलेली असते.

केरळने २०२२ मध्ये पंचायत अध्यक्षांना उपद्रवी डुक्कर मारण्याचा आदेश द्यायचा अधिकार दिला. कोण मारणार, कुठे मारणार, मेलेल्याचे काय करणार, हे कागदावर. ते योग्य की अयोग्य यावर मुंबई-पुण्यातले प्राणिप्रेमी खुशाल वाद घालोत. निदान उजेडात आहे. आपल्याकडे कायद्यात बंदी आणि रानात मुभा. दोन्हीचा फायदा बंदूकवाल्याला.

बंदुकीपेक्षा वाईट गोष्टी आहेत, त्याही सांगते. फासकी, म्हणजे तारेचे फास. डुकरासाठी लावतात, त्यात बिबट्या अडकला की आपले खाते पिंजरा, जाळी आणि फोटोग्राफर घेऊन हजर होते. त्यात माझ्या शेजारणीची पाडी अडकली तेव्हा पाय सोडवायला आम्ही बायकाच होतो. आणि गावठी बॉम्ब. चरबी किंवा पिठात गुंडाळून वाटेवर टाकतात, डुकराने चावला की जबडा फुटतो. गुरांना काय कळते ते कोणासाठी ठेवले आहे? २०२० मध्ये केरळात अशाच स्फोटाने गाभण हत्तीण नदीत उभ्या उभ्या मेली, तेव्हा अख्खा देश हळहळला. त्याच सुमारास हिमाचलच्या बिलासपूरमध्ये गाभण गायीचा जबडा उडाला. त्याचीही बातमी झाली, कारण हत्तीण ताजी होती. म्हशीसाठी कोणी मेणबत्ती लावत नाही. काळी, कुरूप, दुधाला बरी, एवढीच तिची पत.

आणि हे जनावरांवर थांबणारे नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्याच्या जंगलात शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी घातली. शिकाऱ्याला शिकारी ओळखू येत नाही, तर पहाटे डबा घेऊन बागेत उतरलेली बाई काय ओळखू येणार? माझ्या मांगराला कुडाच्या भिंती आहेत. बार हातभर उजवीकडे गेला असता तर हे पत्र माझ्या मुलीने लिहिले असते, आणि तिलाही विचारले असते, आई रात्री तिथे कशाला झोपली होती?

सरकारला बंदुका सापडत नाहीत यावर माझा विश्वास नाही. निवडणूक लागली की पाहा. आचारसंहिता लागते आणि कोणत्या घरात, कोणत्या खुंटीला कोणती बंदूक आहे ते ठाण्याला तोंडपाठ असते. निरोप येतो, म्हातारे-कोतारेसुद्धा बंदुका खांद्यावर टाकून जमा करायला जातात, पावती घेतात. मतपेटीला धोका असेल तर एकेक नळी मोजली जाते. गोठ्याला धोका असेल तर मोजायला माणूस नाही. २०१९ मध्ये याच राज्याने ३३ कोटी झाडे लावायचा संकल्प सोडला होता, त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा म्हणे फोटो होता. कोटीकोटीने खड्डे मोजणाऱ्यांना एका तालुक्यातली काडतुसे मोजता येऊ नयेत?

माझ्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला होता, त्यावर १२ आकडी नंबर. सरकारनेच टोचला. तेव्हा मला सांगितले की आता तुझे जनावर सरकारच्या नोंदीत आले, काळजी नको. तो बिल्ला डॉक्टरांनी कापून कागदाला टाचला. नोंद पूर्ण झाली.

आम्हाला दर निवडणुकीत सांगतात, कोकणातल्या बायांनो, जोडधंदा करा, दूध काढा, गट करा, मुंबईवर अवलंबून राहू नका. केला. मुंबईहून घरी यायचा महामार्ग २०११ पासून पुरा होतो आहे, तरी आम्ही कोणाची वाट न बघता धंदा केला. कर्ज काढले, फेडतो आहोत. बदल्यात रस्ता नको, पुतळा नको, माझ्या कुंपणात रात्री कोणी बंदूक घेऊन शिरणार नाही एवढे मागतो, तर दोन खाती माझा अर्ज एकमेकांच्या अंगणात फेकत बसतात. वन तुमचे, बंदूक गृहखात्याची, परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, भरपाई महसूल की वन ते अजून ठरायचे, आणि म्हैस माझी. माणूस मेला तरी हेच होईल, फक्त हार येईल.

तर मागणे असे. शिकाऱ्याच्या गोळीने, फासकीने किंवा बॉम्बने मेलेल्या गुरालाही बिबट्याने मारलेल्या गुराएवढीच भरपाई द्या, आणि ती दोषीचा परवाना रद्द करून त्याच्याकडून वसूल करा. सापडला नाही तर तुमच्या खात्यातून द्या, मग बघा तो किती लवकर सापडतो. असा प्रकार घडला की त्या पंचक्रोशीतल्या सगळ्या परवान्यांची काडतुसे दुसऱ्या दिवशी तपासायला लावा. निवडणुकीत जमते ते तेव्हाही जमेल. जिल्ह्यात शेती संरक्षणाचे परवाने किती आणि कोणाच्या नावावर ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आमची पाणीपट्टीची थकबाकी लावताच ना. आणि पंचनाम्याच्या त्या कागदावर 'वाघ, बिबट्या' यांच्या खाली एक रकाना 'माणूस' म्हणूनही छापा.

शिमगा तोंडावर आहे. पारधीच्या नावाने रान उठेल, हाकारे होतील, आणि देवाच्या नावाआड पुन्हा बॅटऱ्या फिरतील. कापणी झाल्यापासून पावसापर्यंत गुरे मोकळी असतात. ती सगळी बांधून ठेवायची तर वैरण कोण देणार, हेही कळवावे. उत्तर शिमग्याआधी यावे. फक्त 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून हे पत्र खाली पाठवू नका. खाली म्हणजे ते ज्याच्या खणात माझे काडतूस आहे त्याच टेबलावर येईल.

आपली,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक दूध उत्पादक
(नाव, सातबारा, डॉक्टरांचा दाखला आणि तक्रारीची प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. इथे छापत नाही, कारण ती गाडी कोणाची ते मला माहीत आहे आणि माझा मांगर कुठे आहे ते त्यांना माहीत आहे.)