'फास्ट' विशेषण की क्रियाविशेषण?

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वहीचा फोटो मिळाला. 'ही रन्स फास्ट' मधल्या 'फास्ट'समोर तू विशेषण लिहिलंस आणि बाईंनी त्यावर फुली मारली. खाली तू विचारलंयस, "आत्या, आधीच्या पानावर हाच शब्द विशेषण म्हणून बरोबर होता, मग इथे चूक कसा? आता याद्याच पाठ करू का?" हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले.

याद्या पाठ करू नकोस. तुझ्या वयात मी केल्या होत्या, आणि त्या डोक्यातून पुसायला मला बरीच वर्षं लागली.

आधीच्या पानावर 'अ फास्ट ट्रेन' होतं. तिथे 'फास्ट' ट्रेनबद्दल सांगतो. ट्रेन हे नाम, म्हणून तो विशेषण. 'ही रन्स फास्ट' मध्ये धावणं कसं आहे ते कळतं, म्हणून तो क्रियाविशेषण. बाईंचं बरोबर आहे. तुझा गोंधळही अगदी रास्त आहे, कारण शब्दात काहीच बदललेलं दिसत नाही.

पूर्वी ते दिसायचं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषण होतं 'फॅस्ट' आणि क्रियाविशेषण 'फॅस्टे'. पुढे बोलता बोलता शेवटचा 'ए' झिजून गेला आणि दोन्ही शब्द सारखे दिसू लागले. 'हार्ड'चंही तसंच झालं. मराठीत 'पाणी'चं 'पाण्यात', 'पाण्याला' होतं, म्हणजे शब्द आपलं काम अंगावर घेऊन फिरतो. इंग्रजीचे असे बरेचसे प्रत्यय गळून पडले, त्यामुळे वाक्यातली जागा बघूनच काम ओळखावं लागतं.

शेवटी 'ली' दिसलं की क्रियाविशेषण, असंही धरून चालू नकोस. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणं आहेत. आणि 'हार्डली'ने तर मला चांगलंच शिकवलं. इथे नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी वरिष्ठांना सांगितलं, "आय हार्डली वर्क्ड ऑन धिस." खूप मेहनत केली, असं मला म्हणायचं होतं. त्याचा अर्थ झाला, मी यावर जवळजवळ कामच केलं नाही. त्या गप्प झाल्या. चूक कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी त्यांना लिहून खुलासा केला, पण तो दिवस मनाला फार लागला. 'आय वर्क्ड हार्ड' म्हणायला हवं होतं. क्रियाविशेषण हवं म्हणजे 'ली' जोडायचं, हे मी पाठ केलं होतं आणि तेच नडलं.

आता 'बिफोर' घे, माझा फार आवडता शब्द. 'आय हॅव मेट हिम बिफोर', म्हणजे पूर्वी भेटलेय: क्रियाविशेषण. 'बिफोर नून' मध्ये पुढे नाम आलं, म्हणून शब्दयोगी अव्यय. 'बिफोर ही केम' मध्ये पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं अख्खं वाक्य आलं, म्हणून उभयान्वयी अव्यय. हे शेवटचं आपल्याला अवघड का जातं, ते मला इथे आल्यावर उमगलं. आपण 'तो येण्याआधी' म्हणतो. 'येणे'चं आपण नामासारखं रूप करून घेतो, 'आधी' त्याला चिकटतो, आणि शब्दयोगी अव्ययावरच काम भागतं. दुसरं वाक्य जोडलं जातंय, हे आपल्या कानाला जाणवतच नाही. शिवाय आपला शब्दयोगी नामाच्या मागून येतो, त्यांचा पुढे उभा राहतो: 'टेबलाखाली', पण 'अंडर द टेबल'. तेव्हा असा शब्द दिसला की त्याच्या पुढे काय आहे ते आधी बघ.

आणि शब्दांच्या जाती आठच, हा आकडा काही दगडावर कोरलेला नाही. ग्रीक भाषेसाठी डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावरच्या जुन्या व्याकरणात आठ जाती आहेत. त्यांत 'द'सारखं उपपद होतं. लॅटिनमध्ये उपपदच नव्हतं, तेव्हा तिथल्या व्याकरणकारांनी केवलप्रयोगी अव्यय वेगळं काढलं आणि आठ पुरे केले. विल्यम बुलोकरने १५८६ मध्ये इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनच्याच साच्यावर. त्या परंपरेत विशेषण नामाच्याच पोटात धरत. त्याला स्वतंत्र जात म्हणून सर्रास मोजू लागले ते अठराव्या शतकात. आपल्या यास्कांनी निरुक्त या प्राचीन ग्रंथात चारच मानल्या: नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे छोटी अव्ययं. पाणिनींनी पदं दोनच प्रकारची सांगितली, नामाचे प्रत्यय लागतात ती सुबन्त आणि क्रियापदाचे लागतात ती तिङन्त. मोठमोठ्या माणसांनी एवढ्या वेगवेगळ्या वाटण्या केल्यात, तेव्हा एका फुलीने तू हिरमुसू नकोस.

आता एक काम देते. 'राउंड' हा एकच शब्द घे आणि पाच वाक्यं कर. नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय, पाचही ठिकाणी तो बसतो. शब्दकोशात बघायचं ते वाक्यं झाल्यावर. प्रत्येक वाक्याखाली 'हा इथे काय करतोय' एवढं एका ओळीत लिही आणि पानाचा फोटो पाठव. क्रियापदाचं वाक्य जमायला वेळ लागेल, पण ते सोडू नकोस.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या