बाबा, जाहिरात मिळाली

ती. सौ. आई आणि ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, तुम्ही पाठवलेली भरतीची जाहिरात मिळाली. खुल्या प्रवर्गाची ३८ वर्षांची मर्यादा मी येत्या ऑगस्टमध्ये ओलांडते, म्हणून तुम्ही तिच्याखाली ‘शेवटची संधी’ असे लिहिलेत, तेही वाचले. मी अर्ज करणार नाही. फोनवर हे सांगू लागले की आपले आवाज चढतात आणि मग दोघेही आईशीच बोलू लागतो, म्हणून हे पत्र.

दिवाळीत काकांनी विचारले तेव्हा तुम्ही ‘ती सध्या घरीच असते’ असे सांगितलेत. मी घरी असते हे खरे; पण सकाळी साडेनऊला मागच्या खोलीचे दार लागते, ते दिवसाचे दोनेक हजार शब्द इंग्रजीतून मराठीत उतरल्याशिवाय नीटसे उघडत नाही. मागच्या पावसाळ्यात मी फोन करून, विहिरीवरची मोटर पाणी ओढेनाशी झाली की तुम्ही काय करता, असे विचारले होते. फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की पाइपातले पाणी उतरते, मोटर हवा धरते आणि मग वरून घागरीने पाणी ओतून पाइप भरावा लागतो, हे तुम्ही अर्धा तास समजावून सांगितलेत. लेकीला गावाची आठवण आली, असे तुम्हाला वाटले. आठवण आली होतीच, पण समोर एका पंपाची माहितीपुस्तिका उघडी होती आणि माझ्याआधी कोणीतरी त्या कृतीला ‘प्रथमीकरण’ असे नाव देऊन ठेवले होते. मी ‘पंपाने हवा धरल्यास’ असे लिहिले आणि ते तसेच छापले गेले. तो अर्धा तास माझ्या नोकरीचाच होता, बाबा.

आता पैशांविषयी. जिल्हा परिषदेत तुमचा पगार ३३ वर्षे ठरल्याप्रमाणे होत राहिला. माझ्या बिलाचे पैसे मात्र बिल दिल्यापासून दीड-दोन महिन्यांनी हाती येतात, आणि बहुतेक कंपन्या त्यातून १० टक्के कर आधीच कापून घेतात, जो विवरणपत्र भरताना हिशेबात धरला जातो. एका महिन्यात खात्यावर ९०,००० रुपये जमा होतात, तर पुढच्या महिन्यात ११,०००. आईने ‘महिन्याला किती मिळतात गं?’ असे विचारले की मी अडखळते ती यामुळे; वर्षाचा आकडा विचारलास, आई, तर लगेच सांगेन.

एक गोष्ट मात्र मी लपवली होती. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने माझे ६४,००० रुपये सात महिने अडकवून ठेवले होते आणि त्या वर्षी गणपतीला ‘काम फार आहे’ असे सांगून मी आले नाही. काम नव्हते आणि पैसेही नव्हते. त्यानंतर मी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, करून घेतली. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे वाक्य आता माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी असते. त्यामुळे सगळेच वेळेवर पैसे देतात असे नाही, पण निदान फोन उचलतात.

म्हातारपणाची तुमची काळजी रास्त आहे. मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना तुमच्यासारखी जुनी पेन्शन सरसकट मिळत नाही, हे तुम्हीच चावडीवर सांगत असता. मी पीपीएफमध्ये दरवर्षी जमेल तेवढे भरते. दीड लाखाची मर्यादा दोनदाच गाठली. तुमच्या पगारातून कापला जायचा तो व्यवसाय करही मी स्वतः भरते, वर्षाला २,५०० रुपये. म्हणजे निदान सरकारच्या लेखी तरी मी घरी बसलेली नाही.

२० तारखेला मी आठ दिवसांसाठी येत आहे. लॅपटॉप बरोबर असेल, कारण एक काम २६ तारखेला द्यायचे आहे. माडीवरची खोली झाडून ठेवा आणि सकाळी दहा ते एक मला कोणी शेंगा निवडायला हाक मारू नका, विशेषतः आई, तू. काका आले तर मी माडीवर कामात आहे, असे सांगा.

तुमची,
धाकटी