स्थिर चौकट म्हणजे कामचुकारपणा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील जपानी ॲनिमेशन मालिकांवरचा लेख वाचून वाईट वाटले. पात्रे पुतळ्यासारखी उभी राहतात, नुसते ओठ हलतात आणि तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा येतात, हे लेखकाचे निरीक्षण खरे आहे. पण त्यावरून काढलेला कामचुकारपणाचा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. १९६३ साली ओसामू तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ (‘ॲस्ट्रो बॉय’) या दूरचित्रवाणी मालिकेने दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचे मान्य केले, तेही तुटपुंज्या पैशांत, आणि त्यातूनच सेकंदाच्या २४ चौकटी जेमतेम ८ चित्रांत भागवण्याची पद्धत रूढ झाली. ती काटकसर होतीच. मात्र १९९७च्या ‘उतेना’ मालिकेत कुनिहिको इकुहारा यांनी द्वंद्वाआधीची जिना चढण्याची तीच दृश्यमालिका पुन्हा पुन्हा दाखवून तिला एखाद्या विधीचे गांभीर्य आणले, याला काटकसर कसे म्हणायचे?

हिदेआकी आन्नो यांच्या ‘इव्हांगेलियन’च्या बाविसाव्या भागात रेई आणि असुका लिफ्टमध्ये जवळजवळ मिनिटभर निश्चल उभ्या असतात आणि लिफ्टच्या टकटकीखेरीज काहीही ऐकू येत नाही. यंत्रमानवांच्या मालिकेत प्रेक्षक लढाईची वाट पाहत असतो, आणि दिग्दर्शक त्याला दोन मुलींमधला अबोला सोसायला लावतो. आमच्याकडच्या एका चित्रपट मंडळाने हा भाग दाखवला, तेव्हा यंत्र अडकले असे समजून चालकाने नेमके हेच दृश्य पुढे ढकलले. त्यामुळे शेवटी असुका रेईच्या थोबाडीत का मारते, हे सभागृहात कुणालाच उमगले नाही. मी उठून दृश्य मागे घेण्याची विनंती केली, तर ‘त्यात काही घडतच नाही’ असे उत्तर मिळाले. तेच वाक्य काल आपल्या पुरवणीत, थोड्या वेगळ्या शब्दांत, छापून आलेले पाहिले आणि हे पत्र लिहायला घेतले.

आणखी एक. हा लेख आपण मुलांच्या पानावर, शब्दकोड्याशेजारी छापलात. वडिलांनी टाकलेल्या मुलाची घुसमट सांगणारी ‘इव्हांगेलियन’ लहान मुलांसाठी नाही, आणि निव्वळ चित्रे पाहून एखाद्या पालकाने ती सहा-सात वर्षांच्या मुलाला लावून दिली तर ते मूल घाबरेल. पुढच्या अंकात निदान एवढा खुलासा तरी ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे